टिप्पर कोण चालवत होता?

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला, मग काल रविवारी तुझ्या कादंबरीचे तेरा भाग एका बैठकीत संपवले, बायको म्हणे जेवाल की मोबाईलच खाल, तर आता सावकाश उत्तर लिहून राहिलो. ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कन्हान नदीच्या काठचं गाव, नायक टिप्पर ड्रायव्हर, बाप लहानपणी गेला, रेतीच्या ठेकेदाराने पोराला पोटच्या लेकरासारखं सांभाळलं, बहिणीचं लग्नही त्यानेच लावून दिलं. बाराव्या भागात रात्री चोरीच्या रेतीची गाडी गावचा कोतवाल रस्त्यात उभा राहून अडवतो, तेवढ्यात ठेकेदाराचा फोन येतो की थांबू नको, आणि हा थांबत नाही. कोतवाल जागीच जातो. आता वाचकांत दोन तट पडलेत, अर्धे म्हणतात बिचाऱ्याची काय चूक, परिस्थितीने केलं, मालकाने करवलं. बाकीचे म्हणतात हा कसला हिरो, हा तर खुनी. आणि तू विचारतो, सर, ह्याला दोषी ठरवलं तर वाचकांचं प्रेम जाईल का, आणि नाही ठरवलं तर मी खोटारडा ठरेन का.

मी नागपूर जिल्हा न्यायालयात २८ वर्षं फौजदारी प्रॅक्टिस करतो, बहुतेक बचाव पक्षाकडून, आणि तेवढ्याच वर्षांपासून हौशी रंगभूमीवर नाटकं लिहितो, बसवतो, पडतो. म्हणजे तुझ्या नायकासारखे लोक मला सकाळी काळ्या कोटात भेटतात आणि संध्याकाळी तालमीत. दोन्हीकडे मी त्यांचीच बाजू मांडत आलोय, त्यामुळे ही बाजू कुठे लबाड होते ते मला जरा लवकर दिसतं.

तुझी सगळ्यात मोठी गडबड अशी आहे की तू दोन वेगळ्या तारखांचं काम एकाच पेशीत उरकून राहिला. सेशन कोर्टात काय होतं बघ. आधी एकच प्रश्न चालतो: केलं का, आणि करताना मनात काय होतं. साक्षीदार, पंचनामा, उलटतपासणी, सगळं त्याच्यासाठी. जज दोषी ठरवतो, आणि मग आरोपीला उभं करून विचारतो, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का. ही वेगळी सुनावणी १९७३ च्या क्रिमिनल प्रोसिजर कोडने कलम २३५(२) मध्ये आणली आणि १९८० च्या बचन सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशीचा विचार करताना नुसता गुन्हा बघू नका, गुन्हेगारही बघा. म्हणजे बाप कधी गेला, पोरगा किती वर्षांचा असताना रेतीत उतरला, घरी म्हातारी आई आहे, बहीण आहे, हे सगळं ऐकायची जागा कायद्यात आहे, पण ती दोष ठरल्यानंतर. तू काय केलं, पहिल्या अकरा भागांत त्याचं बालपण इतकं रडवून सांगितलं की बाराव्या भागात टिप्पर कोतवालाला लागायच्या आधीच वाचकाने त्याला सोडून दिलं होतं. शिक्षेच्या सुनावणीचा माल तू दोषाच्या सुनावणीत खपवला. आम्ही वकीलही हेच करायला बघतो म्हणा, पण समोर सरकारी वकील असतो, तो उठून ऑब्जेक्शन घेतो. कादंबरीत तो नसतो, त्याचंही काम लेखकालाच करावं लागतं.

आता तो फोन. मालकाने सांगितलं म्हणून केलं, हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. कायद्यात धमकीचा बचाव आहे, जुन्या पिनल कोडमध्ये ९४ नंबर, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३२, पण त्याला तिथल्या तिथे जीव जायची भीती लागते आणि खुनाला तो बचाव मुळात चालतच नाही. तुझ्या पोराला तर कोणी पिस्तूलही लावलं नव्हतं, फोनच आला होता, आणि फोनला ब्रेक दाबता येत नाही, ब्रेक ह्याच्याच पायाखाली होता. मग मालक सुटला का? अजिबात नाही, मालक चिथावणीत पूर्ण अडकतो. पण लोकांचा इथेच गोंधळ होतो, त्यांना वाटतं दोष म्हणजे एक भाकर आहे, मालकाला पाऊण दिली की ड्रायव्हरच्या वाट्याला पावच उरते. तसं नसतं बाबा. आमच्याकडे जुनं ३४ कलम होतं, आता ३(५), ते म्हणतं की सगळ्यांनी मिळून एकाच इराद्याने काही केलं तर प्रत्येक जण असा जबाबदार जणू ते त्याने एकट्यानेच केलं. मालकाची पूर्ण भाकर, ड्रायव्हरची पूर्ण भाकर. हे कलम कडक आहे, कधीकधी फार कडक, कोपऱ्यात नुसता उभा असलेला पोरगाही त्यात ओढला जातो आणि मी त्याच्याविरुद्ध घसा कोरडा करून भांडलोय, पण त्याच्या मुळाशी जे आहे ते लेखकाने डोक्यात पक्कं ठेवावं.

सगळा दोष एकाच्याच अंगावर ढकलायचं उदाहरण तर आपल्या नागपुरात दरवर्षी रस्त्यावरून जातं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, पिवळी मारबत ह्या बायांच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे निघतात, अख्खं गाव ओरडतं, इडा पीडा घेऊन जा गे मारबत! १८८० च्या दशकापासून चालू आहे हे. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची राणी बाकाबाई, असं लोक सांगतात. भोसल्यांचं राज्य गेलं त्याला दहा कारणं असतील पण पुतळा एका बाईचा. मी लहानपणापासून बघतो, मजा येते, जाळून झालं की हलकं वाटतं. तुझा ठेकेदार तशी मारबत झालाय. तेराव्या भागात तो दारू पितो, बायकोला मारतो, पुजाऱ्याला शिव्या देतो, मांजराला लाथ घालतो (मांजर कशाला आणलं मला कळलंच नाही), आणि हे सगळं कशासाठी, तर नायकाच्या अंगावरचं त्याच्या अंगावर ढकलता यावं म्हणून. तो जितका काळा होईल तितका तुझा पोरगा गोरा दिसेल असा हिशोब. एक काम कर, ठेकेदाराला जरा चांगला माणूस कर. पोराच्या बहिणीचं लग्न त्याने खरंच मायेने लावलं असू दे. मग बघ तो फोन किती जड होतो.

आणि जड झाला की कर्ण येतो. येणारच, मराठी माणूस दोषाबद्दल बोलायला लागला आणि पाच मिनिटांत कर्ण आला नाही असं होत नाही. १९६७ साली 'मृत्युंजय' आलं आणि तेव्हापासून आपल्या घराघरात कर्णाचं वकीलपत्र दाखल आहे. योगायोग असा की त्याच साली इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आलं, त्यात त्यांनी त्याच माणसाला भाबडेपणा बाजूला ठेवून तपासलं. एकाच वर्षी बचाव पक्ष आणि सरकार पक्ष, दोन्हींचा युक्तिवाद बाजारात. खप कोणाचा जास्त झाला असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

बचावाचं म्हणणं काय, आईने पाण्यात सोडलं, सूत म्हणून हिणवलं, द्रौपदीने भर स्वयंवरात नाकारलं. आता ह्यातलं शेवटचं बघ. द्रौपदीने 'मी सूताला वरणार नाही' म्हणून सगळ्यांसमोर अपमान केला हा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे, पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढी वर्षं घालवून महाभारताच्या हस्तलिखितांवरून जी चिकित्सित आवृत्ती केली, तिच्या मुख्य पाठात ते वाक्य नाही, ते खाली तळटीपांत गेलं. म्हणजे द्यूतसभेतल्या वागण्यासाठी आपण जी चिथावणी सांगतो, तो पुरावाच कच्चा. माझ्यासमोर असा साक्षीदार आला तर उलटतपासणीला पंधरा मिनिटंही लागायची नाहीत. पण मला खरं आवडतं ते पुढचं: समजा द्रौपदी तसं बोलली होती, धरून चालू. तरी सभेत दुःशासनाला तिची वस्त्रं काढायला सांगणारं तोंड कर्णाचंच होतं. कुंतीचा दोष खरा आणि पूर्ण. दुर्योधनाचा खरा आणि पूर्ण. आणि ह्याचाही पूर्ण. परत तीच भाकर.

ह्या सभेत एक माणूस आहे ज्याच्याकडे कोणी बघत नाही, विकर्ण. दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ, त्याच घराचं मीठ खाल्लेला. तो उठून उभा राहतो आणि म्हणतो हे चूक आहे, द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही. आणि त्याला पोरकट म्हणून खाली बसवणारा कोण, तर कर्ण. महाभारतकाराची कमाल ही आहे. विदुर बोलला तर म्हणता येतं तो शहाणा, म्हातारा, त्याचं कामच आहे बोलणं. पण विकर्ण बोलला म्हणजे त्याच जागेवर उभ्या असलेल्या, मिठाला बांधलेल्या माणसाला दुसरं काही करता येत होतं, हे सिद्ध झालं. परिस्थितीने करवलं, ह्या वाक्याला त्याच परिस्थितीतला दुसरा माणूस हेच उत्तर असतं. आणि विकर्णही काही धुतल्या तांदळासारखा नाही हं, पुढे तो कौरवांकडूनच लढला आणि भीमाच्या हातून मेला. एकदा उठून उभा राहिला, एवढंच. पण ते एकदा पुरे होतं.

तर तुला विकर्ण पाहिजे. टिप्परमध्ये क्लीनर आहेच ना तुझ्याकडे, तो सोळा-सतरा वर्षांचा पोरगा जो सातव्या भागानंतर गायबच झाला. त्याला परत आण, त्या रात्री केबिनमध्ये बसव, आणि कोतवाल दिसला की त्याच्या तोंडून 'भाऊ, थांबव ना बे, तो माणूस हाय' एवढं निघू दे. त्याचंही पोट रेतीवरच आहे, त्यालाही मालकाचीच भीती आहे. ह्यानंतर तुझ्या अर्ध्या वाचकांना 'काय करणार बिचारा' म्हणता येणार नाही, आणि गंमत म्हणजे ते पोराला सोडूनही जाणार नाहीत, आणखी चिकटून वाचतील. प्रेम जाईल ही तुझी भीती मला खोटी वाटते. कर्णावरचं प्रेम द्यूतसभा वाचून कोणाचं कमी झालंय?

मनात काय होतं ते कसं लिहायचं, हेही तू विचारलं होतं. इथे माझा धंदा तुझ्या कामी येईल. कोर्टाला मन दिसत नाही, ते बाहेरून वाचावं लागतं. एकच टिप्पर, एकच मयत, पण बेदरकारपणे चालवला म्हटलं तर जुन्या ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त २ वर्षं होती, आता नव्या १०६ मध्ये ५ पर्यंत. माणूस मरू शकतो हे माहीत असून चालवला तर सदोष मनुष्यवध, १० वर्षांपर्यंत. मारायचाच इरादा तर खून, जन्मठेप किंवा फाशी. आणि हे ठरतं कशावरून? ब्रेकच्या घसाऱ्याच्या खुणा आहेत का, हॉर्न दिला का, लाईट डीम केला की फुल, स्टिअरिंग बाजूला वळलं का, लागल्यावर गाडी थांबली, निघून गेली, की रिव्हर्स आली. तू मात्र त्या क्षणाला लिहिलंय, 'त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली.' अंधारी! अरे भाऊ, ही अंधारी मी शेकडो जबाबांत वाचली आहे, 'मला काही समजेनासं झालं', 'मी भानावर आलो तेव्हा', सगळी आमचीच शिकवणी असते ती. लेखकाने अंधारी आणली की समजावं तो वकीलपत्र घेऊन बसलाय. तुला तर त्याचं मन आतून दिसतं ना, मग दाखव. पाय ब्रेकवर गेला होता का? गेला आणि मग उचलला? ते दोन सेकंद म्हणजे तुझी पूर्ण कादंबरी आहे, आणि तू ते एका वाक्यात पळवले.

मी पण पळवलेत, लपवत नाही. एका दोन अंकी नाटकात माझा नायक दारूडा कवी होता, पिऊन बायकोला मारायचा, शुद्धीवर आला की अशी स्वगतं म्हणायचा की प्रेक्षक हुंदके द्यायचे. प्रयोगानंतर एका सहकाऱ्याची बायको मेकअप रूममध्ये आली आणि एवढंच म्हणाली, सगळं छान, पण ती मार खाऊन कुठे जाऊन बसते हो? मला उत्तर नव्हतं, कारण दुसऱ्या अंकात ती बाई स्टेजवर येतच नव्हती. कोर्टात मी रोज सांगायचो की स्वतःहून प्यायलेल्या दारूचा बचाव चालत नाही, आणि माझ्याच नाटकात मी तो चालवला होता, तोही टाळ्या घेऊन. त्या दिवसापासून कुठलीही गोष्ट हातात आली की मी आधी बघतो, मयत कुठे आहे.

चार्जशीटमध्ये मेलेल्या माणसाचं नाव एकदा येतं आणि मग तो 'मयत' होतो, मयताचा शर्ट, मयताची चप्पल, मयताचा मोबाईल. तुझ्या तेरा भागांत कोतवालाला तेवढंही नाव नाही, शोधून पाहिलं मी. तो येतो, टॉर्च दाखवतो, मरतो. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावातला माणूस, पगार तुटपुंजा, गावातल्या प्रत्येकाला ओळखणारा. म्हणजे तुझ्या नायकाला लहानपणी त्याने शाळेत जाताना सायकलवर बसवलं असेल. हे तुला सुचलं नाही कारण सुचलं असतं तर पोराला वाचवणं जड गेलं असतं.

पश्चात्तापाचंही तसंच. तेराव्या भागात पोरगा रडतो, फार चांगलं लिहिलंय ते पान, पण रडतो कोणासमोर, आईसमोर. त्याआधी मंदिरात. माझे पक्षकारही माझ्यासमोर रडतात, मी पाणी देतो, खोटं नसतं ते रडणं, पण मयताच्या घरी जाऊन उभा राहिलेला माणूस मला एवढ्या वर्षांत दोनदाच भेटला. कर्णाचंच बघ, उद्योगपर्वात कृष्णाला म्हणतो की दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना कडू बोललो, त्याचा आता मला ताप होतो. खरा पश्चात्ताप आहे. पण सांगतो कृष्णाला, आणि बोलतो पांडवांबद्दल. जिची वस्त्रं काढायला सांगितली तिचं त्यात नाव नाही. व्यासांनी हे मुद्दाम ठेवलं असेल का मला माहीत नाही, पण मी ती ओळ वाचतो तेव्हा दरवेळी अडखळतो. आणि धर्मराजाला बघ, अश्वत्थामा मेला म्हणून ते अर्धं खोटं बोलला, तर तोवर जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी खलनायक केलं नाही, राज्यही मिळालं, फक्त रथ टेकला आणि शेवटी नरक बघावा लागला. एवढं साधं करता येतं. तुझ्या पोराचा टिप्पर कुठेतरी टेकू दे.

आता एक जागा अशी आहे जिथे माझी ही सगळी दोन तारखांची थिअरी मलाच अपुरी पडते. १३ ऑगस्ट २००४ ला आमच्याच जिल्हा न्यायालयात कस्तुरबा नगरच्या बायकांच्या जमावाने एका गुंडाला मारलं, त्याच्यावर वर्षानुवर्षं बलात्काराचे, खुनाचे आरोप होते आणि लोक म्हणत होते की कोणी ऐकतच नव्हतं. पुढे पुराव्याअभावी आरोपी सुटले. त्यावर सिनेमे निघाले, सिरीज आली, आणि पडद्यावर त्या बायका हिरो आहेत, बघताना माझेही हात टाळीसाठी उचलले जातात. मी कोर्टाचा माणूस, कोर्टात माणूस मारला गेला हे मला खुपतं, आणि त्या वस्तीत मी राहत असतो तर काय केलं असतं हे विचारलं तर मान खाली जाते. ह्याच्यावर लिहिणाऱ्यांत मला तेच आवडतात जे दोन्हीपैकी एकही गोष्ट गिळत नाहीत. बाकीचे मारबत काढतात.

वाचकांना हे पेलणार नाही असं म्हणू नको. माझी मावशी वडश्याजवळच्या खेड्यात राहायची, तिच्याकडे थंडीत झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली रात्रभर चालणारी नाटकं बघायला जायचो, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपायचं, शेकोट्या, चहा, मांडीवर झोपलेली पोरं. एकदा नायकाने तिसऱ्या अंकात बहिणीच्या वाटणीच्या जमिनीबद्दल खोटं सांगितलं, लेखकाने त्याच्यावर दुःखी गाणंबिणं टाकून पार लपवायचा प्रयत्न केला होता, तर पुढच्या रांगेतली एक म्हातारी घोंगडी सावरत जोरात बोलली, 'तू बी तसाच निंगला का रे!' मंडपात हशा झाला, नट क्षणभर गांगरला. पण ती उठून गेली नाही, पहाटेपर्यंत बसली, आणि तोच नायक शेवटी मेला तेव्हा पदराने डोळे पुसत होती. तिला दोन्ही जमलं. तुझ्या वाचकांनाही जमेल.

चौदाव्या भागासाठी एकदा सिव्हिल लाईन्सला ये, खुल्या कोर्टात कोणालाही बसता येतं, मागच्या बाकावर बस आणि दिवसभर फक्त बाहेरच्या व्हरांड्यात कोण कोणाकडे बघायचं टाळतं तेवढं बघ. मी असतोच, चहा माझ्याकडून.

आणि हो, तेराव्या भागात पोलिसांना मयताच्या हाताजवळ गावठी कट्टा सापडतो असं दाखवलंय, ते काढ. बाराव्या भागात त्याच्या हातात टॉर्च होता.